यादीत नसलेला मासा

मालिनी गेल्याचं आत्माराम टिपणिसांना कळलं ते एकविसाव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला, एर्लांगेनमधल्या भाड्याच्या घराच्या जिन्यात. पायात सायकलच्या क्लिपा तशाच होत्या. पत्र अलिबागहून सासऱ्यांचं होतं. 'तार केली असती,' सासऱ्यांनी लिहिलं होतं, 'परंतु परमुलखात एकट्याने तार वाचून आपण घाबराल, म्हणून सावकाश पत्र लिहीत आहे.' कावीळ झाली, नऊ दिवसांत सगळं संपलं, तेरावं होईपर्यंत घरात कोणाला उसंत नव्हती. मग पत्र, आणि पुढे टपालाचे आठ दिवस.

या एकवीस दिवसांत टिपणिसांनी बायकोला दोन पत्रं पाठवली होती. सप्टेंबरात तीही जर्मनीला यायची होती, पासपोर्ट तयार होता. म्हणून पहिल्या पत्रात लोकरीचे मोजे बरोबर आणायला सांगितलं होतं. दुसऱ्यात ते रागावले होते. 'दोन ओळी लिहायला माणसाला असा किती वेळ लागतो?' असं एक वाक्य त्यात होतं, आणि त्याखाली रेघ होती.

त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी टिपणिसांची होती. त्यांनी क्लिपा काढल्या, बादली भरली आणि जिना पुसला.

पत्राच्या शेवटी सासूबाईंच्या अक्षरात चार ओळी होत्या. 'आमचं पान वाढून झालं. तुमच्याकडचं एक पान राहिलं आहे. एक ताजा मासा, डोक्यासकट, स्वतः जाऊन आणावा, रांधावा, तिच्या नावाने पान वाढावं. मग तुम्ही मासळी तोंडाला लावावी. तोवर नको.' सासूबाईंच्या घरात दुखवटा गोडाने सुटत नसे, मासळीने सुटत असे. टिपणिसांना मूलबाळ नव्हतं. हे पान वाढायला जगात दुसरं कोणी नव्हतं.

कोणी काम सांगितलं की दुःखाला जरा टेकू मिळतो. टिपणिसांना वाटलं, एक मासा तर आणायचा. उद्या ऑफिस सुटल्यावर आणू.

एर्लांगेनमध्ये १९६२ साली मासळीचं एक दुकान होतं. तिथे मासे होते, पण ते उत्तर समुद्राच्या बंदरावर आपली डोकी ठेवून आलेले होते. बाकीचे डब्यात होते किंवा व्हिनेगरच्या बरणीत काकडीभोवती गुंडाळलेले होते. "कार्प मिळेल?" टिपणिसांनी विचारलं. दुकानदाराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी जूनमध्ये बर्फ मागितला. कार्प खायचा तो नावात 'र' असलेल्या महिन्यात, सप्टेंबर ते एप्रिल. मे, जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत फ्रांकोनियातला, म्हणजे त्या मुलखातला, सज्जन माणूस कार्पचं नावही काढत नाही. सप्टेंबरपर्यंत थांबावं तर मालिनी तोवर उपाशी. टिपणिसांनी हा हिशेब कोणाला बोलून दाखवला नाही. आपण इंजिनियर आहोत याची त्यांना जाणीव होती.

त्यांनी सल्ला विचारला तो श्रीपाद गद्र्यांना. गावात मराठी बोलणारे तेवढेच एक होते. गद्रे पुण्याचे, विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि दीड वर्ष उकडलेल्या बटाट्यावर जगत होते. मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता, त्यामुळे माशाबद्दल त्यांची मतं अगदी स्वच्छ होती.

"अहो टिपणीस, पहिली गोष्ट, मृत्यूची वार्ता दहा दिवसांनंतर कळली तर अशौच तीनच रात्री. तुम्ही मोकळे झालात."

"शास्त्राने झालो असेन. सासूबाईंनी सोडलेलं नाही."

"मग पत्र दाखवा." गद्र्यांनी ते चार ओळींचं पत्र प्रयोगशाळेतल्या अहवालासारखं वाचलं. "स्वतः जाऊन आणावा. बरोबर आहे. ही क्रिया आहे. क्रियेत विकतचं चालत नाही. तुम्हाला स्वतः धरायला हवा."

"अहो, अलिबागेत स्वतः जाऊन म्हणजे गड्याला न पाठवता बाजारात जाऊन. आमच्याकडे कोणी मासे धरत नाही."

"मासे खाता पण धरत नाही?"

"तुम्ही तांदूळ खाता, नांगर धरता का?"

यावरही गद्रे हटले नाहीत. "शंका आली की कठीण तोच मार्ग घ्यावा," ते म्हणाले. दुसऱ्याने जायचा मार्ग असला की गद्रे नेहमी कठीणच निवडत.

खरं सांगायचं तर टिपणिसांना मासा बाजारात पारखूनही घेता येत नसे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते मोठ्या तोऱ्यात एक सरंगा घेऊन आले होते. मालिनीने त्याचा कल्ला उचलून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा तुमच्याआधी जन्माला आला असेल." त्यानंतर बाजार तिच्याकडे गेला. पण हे जर्मनीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि टिपणिसांनीही ते जाहीर केलं नाही.

घरमालकीण फ्राऊ ह्यूबनर. टिपणीस त्यांना मनात ह्यूबनरबाई म्हणत. बाई साठीच्या, उंच, आणि बोलणं हातोडीने खिळे मारल्यासारखं. रेग्निट्झ नदीत मासा धरायचा म्हणताच त्यांनी मान हलवली. "आल्झो, असं बघा, किनाऱ्यावरून जमायचं नाही. चांगल्या जागा मासेमारी क्लबवाल्यांनी तीस वर्षांपासून धरून ठेवल्या आहेत. बसून बसून तिथल्या दगडांना त्यांचा आकार आला आहे. नावेतून धरा. माझ्याकडे नाव आहे."

नाव तळघरात होती, दोन पिशव्यांत. एका पिशवीत रबरी कापडाचं कातडं, दुसऱ्यात काठ्या. ही घडीची कायाक. पिशवीत घालून आगगाडीने न्यायची, नदीकाठी जोडायची आणि दोघांनी बसून वल्हवायची. ती बाईंच्या नवऱ्याची, हेर ह्यूबनरांची होती. ते त्रेचाळीस साली पूर्वेकडच्या आघाडीवर गेले. "ते परत आलेले नाहीत," बाई म्हणत. मेले असं त्या कधी म्हणत नसत, आणि एकोणीस वर्षांत ती नाव कोणी जोडली नव्हती.

प्रत्येक काठीवर हेर ह्यूबनरांनी पेन्सिलीने आकडा लिहिलेला होता. विजेच्या मोठमोठ्या स्विचगिअरचे नकाशे वाचणाऱ्या टिपणिसांना हे काम तासाभराचं वाटलं. तीन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी त्यांनी नाव उलटी जोडली. दुसऱ्या शनिवारी सुलटी जोडली, पण तिच्या आत गद्रे होते आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी ती पुन्हा सोडावी लागली. तिसऱ्या शनिवारी कळलं की सतरा नंबरची काठी नाही.

बाईंनी थोडा विचार केला, मागच्या बागेत गेल्या आणि घेवड्याचा एक वेल आधारासह उपटून आणला. "सतरा," त्या म्हणाल्या. काठीवर आकडा होता. त्याच्याजवळ वेलाचा एक तणावा घट्ट बसला होता. तो बाईंनी नखाने सोडवला, आकडा मात्र पुसू दिला नाही.

दरम्यान साऱ्या गल्लीला बातमी लागली होती. आमिषाला काय लावावं यावर जिन्यात, बेकरीत आणि बसच्या थांब्यावर चर्चा झडू लागली. समोरच्या शिंप्याच्या मते चीज, तेही जुनं. बेकरीवालीच्या मते गांडूळ, पण दुधात भिजवलेलं. तळमजल्यावरच्या निवृत्त गार्डसाहेबांनी उकडलेल्या बटाट्याची शिफारस केली. त्यावर गद्रे एकदम हळवे होऊन म्हणाले, "माझं जेवण माशांना?" गद्र्यांचा स्वतःचा कौल चेरीला होता. मासा निदान शेवटचा घास तरी शाकाहारी घेईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मासेमारीचा परवाना, म्हणजे फिशरायशाइन, काढायला टिपणीस फोटो घेऊन सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागे एक नीटनेटका, चष्मेवाला कारकून होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं सुरळीत झालं. मग एका रकान्यापाशी पेन थांबलं.

"मासेमारीचा हेतू? उपजीविका की खेळ?"

टिपणिसांनी विचार केला. "दोन्ही नाही. पत्नीसाठी."

"तिचा पत्ता?"

"ती वारली."

कारकुनाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागे रांग होती. त्याने मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं म्हणाला, "मग खेळच लिहू या." आणि शिक्का मारला.

पण सरकारी परवान्याने माणसाला फक्त मासे धरायची लायकी मिळते. मासे कोणत्या पाण्यात धरायचे याचं कार्ड वेगळं, आणि ते क्लबकडे. क्लबचे अध्यक्ष हेर त्सेल्टनर हे एकशे दहा किलोचे गृहस्थ. टिपणीस समुद्रकाठचे आहेत हे ऐकून ते आनंदाने उभेच राहिले. "समुद्र! म्हणजे तुम्ही जन्मजात मच्छीमार!"

टिपणिसांचा कणा ताठ झाला. "आमच्याकडे मासे धरत नाहीत," ते म्हणाले. "आम्ही ते तपासतो."

त्सेल्टनरांना वाटलं, हा कोणीतरी मोठा अधिकारी असावा. त्यांच्या वागण्यात एकदम अदब आली. दिवसाचं कार्ड मिळालं, पण नियमाप्रमाणे पाहुण्यासोबत क्लबचा सभासद हवा. "मी स्वतः येतो," अध्यक्ष म्हणाले. कायाक दोघांची होती. म्हणजे हेर ह्यूबनर आणि त्यांच्या सडपातळ पत्नी, अशा दोघांची.

जुलैच्या पहिल्या रविवारी म्योरेनडॉर्फ गावाजवळ ती पाण्यात गेली. त्सेल्टनर मागे बसले. नावेचं नाक वर उचललं गेलं आणि पुढे बसलेले टिपणीस हवेत. त्यांचं वल्हं पाण्यापर्यंत पोहोचेना. ते काही वेळ नुसतीच हवा कापत होते. काठावर गद्रे छत्री उघडून उभे होते आणि "उजवीकडे! अहो उजवीकडे!" असं ओरडत होते. पण उजवी कोणाची, हे ते सांगत नव्हते. शेजारी ह्यूबनरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांची नजर माणसांकडे नव्हती, नावेकडे होती.

म्योरेनडॉर्फला नदीवर लाकडी पाणचक्रं आहेत. उन्हाळ्यात शेतांना पाणी द्यायला ती पाचशे वर्षांपासून कुरकुरत फिरतात. प्रवाहाने कायाक अलगद उचलली आणि एका चक्राजवळच्या खुंटांमध्ये पाचर मारल्यासारखी बसवली. सतरा नंबरची काठी कण्हली, पण टिकली. चक्र वर जाई, त्याचा एकेक पोहरा नळीत रिकामा होई आणि जे पाणी नळीत मावत नसे ते अध्यक्षांच्या टोपीवर पडे. दर चार सेकंदांनी. त्सेल्टनर हलले तर नाव उलटणार, म्हणून ते हलले नाहीत.

"कोणाला तरी बोलवू या?" टिपणिसांनी विचारलं.

"चक्रवाला जेवायला गेला आहे," त्सेल्टनर म्हणाले आणि एक पोहरा खाल्ला. "एक वाजता येईल." पुन्हा पोहरा. "तोवर गळ टाका. कार्ड आजच्यापुरतंच आहे."

त्यांनी स्वतःच्या डबीतला एक चकचकीत पितळी चमचा काढून दिला. पाण्यात फिरला की लहान मासा वाटावा असा. टिपणिसांनी तो टाकला. चेरी, चीज आणि बटाटा काठावर गद्र्यांच्या स्वाधीन होते, आणि त्यातली चेरी आतापर्यंत संपली होती.

त्या चाळीस मिनिटांत, न हलता बसल्या बसल्या, त्सेल्टनरांनी विचारलं की एका माशासाठी एवढा खटाटोप कशाला. टिपणिसांनी सांगितलं. पाठमोरं बसून सांगायला सोपं गेलं. जिन्यातलं पत्र सांगितलं, सासूबाईंच्या चार ओळी सांगितल्या. रेघ मारलेलं वाक्यही सांगितलं. ते त्यांनी गद्र्यांनाही सांगितलं नव्हतं. मागे दर चार सेकंदांनी पाणी पडल्याचा आवाज येत होता.

आणि तेवढ्यात गळाची काठी वाकली.

पुढचं नीट कोणालाच सांगता येत नाही. मासा हवेत उडाला, पाण्यात गेला, चक्राखाली गेला, बाहेर आला, पुन्हा उडाला. टिपणीस मराठीत ओरडत होते, अध्यक्ष फ्रांकोनियन बोलीत. काठावरून गद्रे संस्कृतात काहीतरी म्हणत होते. शेवटी त्सेल्टनरांनी जाळी घातली आणि मासा नावेत आला. हातभर लांब, तपकिरी, अंगावर काळपट पट्टे, डोळे लाल. आयुष्यात पहिल्यांदा टिपणिसांनी स्वतः कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक होतं. असा ताजा मासा मालिनीनेही कधी आणला नसेल.

त्सेल्टनरांनी त्याला ओल्या पोत्यात, पाण्याच्या डब्यात ठेवलं आणि खिशातून क्लबची वही काढली. कोणता मासा किती सेंटिमीटरचा असला तर न्यायचा, कोणत्या महिन्यात नाही न्यायचा, सगळं त्यात होतं. पान उलटलं. परत उलटलं. भिजलेली पानं सोडवून सोडवून वाचली.

"हा यादीत नाही," ते म्हणाले.

"मग?"

"हा इथला मासाच नाही. हा अमेरिकन बार्श आहे, छोट्या तोंडाचा. माझे आजोबा सांगायचे, कोणा हौशी जमीनदाराने अमेरिकेहून आणून तळ्यात सोडले होते म्हणून. मला ती थाप वाटायची."

"बरं. मग मी घरी नेतो."

"यादीत नसलेला मासा नेता येत नाही."

"मग सोडून देऊ."

"यादीत नसलेला मासा नदीत सोडता येत नाही."

टिपणिसांनी वर पाहिलं. चक्र फिरत होतं. "मग त्याने काय करावं असं क्लबचं म्हणणं आहे?"

"गेनाऊ, अगदी तेच," त्सेल्टनर खिन्नपणे म्हणाले. "हे गुरुवारच्या सभेत ठरवावं लागेल."

एक वाजता चक्रवाल्याने त्यांना सोडवलं. गुरुवारपर्यंत मासा ह्यूबनरबाईंच्या न्हाणीतल्या टबात राहिला. घरातल्या पाच भाडेकरूंनी चार दिवस स्वयंपाकघराच्या मोरीत तोंडं धुतली आणि कोणी तक्रार केली नाही. कारण जर्मन माणूस एक वेळ शेजाऱ्याला त्रास देईल, पण ज्याचा निर्णय प्रलंबित आहे त्याला देणार नाही. विद्यापीठातले एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक दोनदा येऊन टबाशी गुडघे टेकून गेले. त्यांना मासा बरणीत हवा होता. बरणी त्यांनी बरोबरच आणली होती.

सभेला टिपणीस कोट घालून गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. प्राध्यापक विज्ञानाबद्दल वीस मिनिटं बोलले. मग त्सेल्टनर उठले. वक्तृत्व त्यांच्यात नव्हतं. "याला एक पान वाढायचं आहे," ते म्हणाले. "बायकोचं. उशीर झाला आहे. याला तार कोणी केली नाही." एवढंच बोलून ते बसले. त्या सभागृहात पन्नाशीपुढची माणसं पुष्कळ होती, आणि त्यांच्या घरांत न आलेल्या पत्रांची वाट पाहणारंही पुष्कळ काही होतं. मतं पडली चौदा विरुद्ध तीन. ठराव असा, की मासा टिपणिसांचा. मात्र क्रिया झाल्यावर डोकं प्राध्यापकांना द्यावं, कारण त्याची ओळख जबड्यावरून पटते. सासूबाईंच्या अटीत हे बसत होतं. पानावर डोकं असलं की झालं, पुढे त्याने विद्यापीठात जायला त्यांची हरकत नसावी.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे ह्यूबनरबाईंच्या स्वयंपाकघरात जमले. त्सेल्टनरांनी मासा मारला, कारण टिपणिसांना ते जमेना. बाईंनी साफ केला. टिपणिसांनी जपून ठेवलेलं घरचं तिखट आणि हळद काढली. केळीचं पान नव्हतं, म्हणून बाईंनी चिनी मातीची पांढरी थाळी पुसून ठेवली. गद्रे खिडकीबाहेर तोंड काढून उभे होते, पण उभे होते.

बाईंनी सुरी हातात घेतली. "कुठून कापू? तिला कोणता भाग आवडायचा?"

टिपणिसांनी थाळी उचलली आणि परत खाली ठेवली.

डोकं तिने नेहमी त्यांना वाढलं. मधल्या तुकड्या पाहुण्यांना, तिच्या सासऱ्यांना, मग परत त्यांना. ती मागाहून जेवायची, आत. अकरा वर्षांत तिच्या पानात काय होतं, हे त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"टिपणीस," गद्रे बाहेर पाहतच म्हणाले, "अख्खाच वाढा. प्रश्न मिटला."

"अख्खा वाढला तर ती उचलून माझ्याच पानात घालील," टिपणीस म्हणाले.

त्सेल्टनरांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. बाईंनी सुरी फळीवर ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी मासा कागदात गुंडाळला आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. "विचारून घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे विचारायला कोणी तरी आहे."

टिपणिसांनी सासूबाईंना पत्र लिहिलं. उत्तर सोळा दिवसांनी आलं. 'लग्नाआधी ती शेपटीकडची खात असे,' त्यांनी लिहिलं होतं, 'कारण मधल्या तिच्या भावांना जात. आवडत होती म्हणून खात होती की काय, ते मी विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं.'

प्राध्यापक दर सोमवारी डोक्याची चौकशी करून जातात. टिपणीस मासळी खात नाहीत. मासा बर्फात आहे, त्याच्या तुकड्या झालेल्या नाहीत, आणि मालिनीचं पान वाढायचं राहिलं आहे.